सोळाशे बासष्ट अक्षरं

ताईचा फोन आला तेव्हा धाकटीने हातात रबरी मोजे चढवले होते, म्हणून तिने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा मात्र मोजे उतरवले, कारण ताईचा स्वभाव तिला ठाऊक होता. एकदा फोन उचलला नाही तर ताई दोन दिवस रुसून बसायची. तिने लागोपाठ तीनदा लावला म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार.

"तुझ्याच कामाचं आहे," ताई म्हणाली. "मोठा कोंबडा मान मुरगळून आभाळाकडे बघतोय. सकाळपासून. मी हाताने सरळ करते, तो परत तशीच करतो. आणि दोन तलंगा बसल्यात त्या उठतच नाहीत."

"विष्ठा कशी आहे?"

"हिरवी. नुसतं पाणी."

हे वर्णन तिने गेल्या दोन वर्षांत कितीतरी अंगणांत उभं राहून ऐकलं होतं आणि दर वेळी चेहरा शांत ठेवून वहीत उतरवून घेतलं होतं. मानमोडी. विषाणूचा आजार. कोंबडीच्या मेंदूत शिरतो, मान पिळून टाकतो आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं करतो.

धाकटी आता अडतीस वर्षांची होती. पशुरोगांच्या प्रयोगशाळेत तिची स्वतःची खोली होती, दारावर पाटी होती, हाताखाली माणसं होती. पण घरच्यांत ती धाकटी होती आणि केस पांढरे झाले तरी धाकटीच राहणार होती. तिचं काम गावठी कोंबड्यांवर. मोठ्या शेडमधल्या पांढऱ्या कोंबड्यांची काळजी वाहायला पुष्कळ लोक होते. अंगणात उकिरडा उकरत हिंडणाऱ्या कोंबड्या मेल्या तर मेल्या, त्यांची चौकशी करायला कुणी फिरकत नसे. त्यांना मारणारा विषाणू नेमका कुठला, कुठून येतो, कुणाचा कोण लागतो, हे शोधून काढायचं तिने मनावर घेतलं होतं.

आणि ताईच्या कोंबड्या तर आईच्या होत्या. बोडक्या मानेच्या, तांबूस, लांब पायांच्या. ताईचं लग्न झालं तेव्हा आईने एका डालग्यात एक कोंबडा आणि तीन कोंबड्या घालून दिल्या होत्या. त्याला चोवीस वर्षं झाली. आई गेली, आईचं घरही गेलं, पण तो वंश ताईच्या अंगणात चालू राहिला. "आईने मागे काय ठेवलं तर मी, तू आणि ही बोडकी मंडळी," असं ताई हसत हसत सांगायची.

"बाहेरून काही नवीन आणलं होतंस?" धाकटीने विचारलं. "फेरीवाल्याकडून वगैरे?"

"पोंपों आला होता की. पाच दिवस झाले. डालगं अगदी खुराड्याला टेकवून उभा होता."

हा प्रश्न धाकटी सगळीकडेच विचारायची. छापील अर्जातला सहावा प्रश्न होता तो. तो त्या दिवशी विचारला नसता तर पुढचं बरंच काही टळलं असतं, असं तिला नंतर फार वाटत राहिलं.

पोंपोंचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. सायकलच्या दांड्याला रबरी भोंगा, मागे दोन बाजूंना दोन डालगी, असा तो वस्तीवस्तीतून हिंडायचा. म्हाताऱ्या कोंबड्या घ्यायचा, तरण्या तलंगा विकायचा. बायका त्याच्याशी घासाघीस करकरून त्याला रडकुंडीला आणायच्या आणि तो म्हणायचा, "असंच चाललं तर एक दिवस मीच डालग्यात बसेन आणि कोंबड्या सायकल चालवतील." वीस वर्षं हाच विनोद, आणि वीस वर्षं बायका हसायच्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी प्रयोगशाळेची गाडी घेऊन स्वतः गेली. या वेळी तिने काहीच सोडलं नाही. गाडी वस्तीबाहेर उभी केली, पांढरा झगा चढवला, तोंडाला पट्टी बांधली, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. ताई फाटकात उभी होती. तिच्यामागे पोत्यावर सहा कोंबड्या ओळीने ठेवलेल्या, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. मोठा कोंबडा शेवटी होता.

"जिवंत आहेत त्यांच्या घशातून कापसाची काडी फिरवायची आहे," धाकटी म्हणाली. "मेलेल्यांचा मेंदू लागेल."

"डोकं कापणार?"

"हो."

ताई पाठ फिरवून उभी राहिली आणि धाकटीचं काम होईपर्यंत तशीच राहिली. जिवंत कोंबड्यांवर झाकलेलं डालगं उचलायला तिचा हात मात्र दर वेळी बरोबर मागे येत होता.

एकतीस कोंबड्या होत्या. आठवड्याच्या शेवटी चार उरल्या, चारही माद्या. तोवर शेजारच्या घरांत लागण झाली होती. मग त्यांच्या शेजारी. चौदा अंगणं ओस पडली. सकाळी आरवणं ऐकू येईना, तेव्हा म्हातारी माणसं कान आजारी पडल्यासारखी अस्वस्थ झाली.

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावजी, पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. हिशेबी, सरळ माणूस. आवाज चढवून बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी धाकटीला गाठून विचारलं, "पोंपोंनेच आणला ना हा?"

"असं म्हणता येत नाही, भावजी. तपासल्याशिवाय नाही."

"मग तपास."

म्हणून ती पोंपोंच्या घरी गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची खोली आणि तिला लागून कोंबड्यांची शेड. धाकटीला वाटलं होतं तिथे नाकाला पदर लावावा लागेल. पण शेड लख्ख होती. बांबूच्या पट्ट्यांचा उंच माळा, खाली रोज बदललेला भुसा, पाण्याची भांडी घासूनपुसून उलटी ठेवलेली.

"तपासा, बाई," पोंपों म्हणाला. भोंग्याशिवाय तो फारच लहान दिसत होता. "माझंही मला कळू दे. लोक रस्त्यात दिसले की दुसरीकडे बघतात."

तो एकेक कोंबडी पायांना धरून अलगद तिच्यासमोर आणत गेला. "यांच्या डोळ्यांत थेंब घातलेत मी. लशीचे. दहा दिवस झाले असतील. सरकारी दवाखान्यातून बर्फात घालून आणतो, दर तीन महिन्यांनी."

धाकटीने अर्जातल्या रकान्यात लिहून घेतलं आणि पुढची काडी उघडली.

प्रयोगशाळेत बर्फकाका होते. गोठवणाऱ्या मोठ्या कपाटांच्या चाव्या त्यांच्याकडे असायच्या म्हणून बर्फकाका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि स्वभाव उलट फार उबदार. त्यांनी नमुने यंत्रात लावले. हे यंत्र विषाणू आहे की नाही एवढंच सांगतं. कुठला आहे ते सांगत नाही. ताईच्या कोंबड्यांत तो होता, हे अपेक्षितच होतं. पोंपोंच्या सात कोंबड्यांपैकी तीन कोंबड्यांतही निघाला.

धाकटीला त्या वेळी काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. आपल्या मनाची ही गोष्ट तिने नंतर कुणालाच सांगितली नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "काय निघालं?"

"त्याच्याकडेही सापडलाय. पण कुठल्या जातीचा ते अजून कळायचंय. त्याला पंधरा दिवस..."

"सापडला ना?" ताईने विचारलं, आणि फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी म्हणाली, "सापडला."

पुढचं धाकटीला तीन दिवसांनी समजलं, तेही ताईच्या बोलण्यात सहज आलं म्हणून. पोंपों नेहमीसारखा भोंगा वाजवत वस्तीत शिरला होता. वस्तीतल्या पाचसहा जणांनी त्याला अडवलं. डालगी मोडली, सायकल नाल्यात ढकलली. शेजारच्या वस्त्यांनाही निरोप गेले.

"त्याच्या अंगाला कुणी हात नाही लावला," ताई म्हणाली, जणू हे लक्षात घ्यायला हवं होतं.

"ताई, मी म्हटलं होतं की अजून कळायचंय."

"आणखी काय कळायचंय? आहे की नाही त्याच्याकडे?"

"आहे."

"मग झालं."

धाकटीने जातीची तपासणी लावलीच होती. विषाणूच्या एका जनुकाची सगळी अक्षरं वाचून घ्यायची. त्या जनुकाला एफ म्हणतात, आणि त्यात सोळाशे बासष्ट अक्षरं असतात. त्यात एक लहानशी जागा अशी असते की ती पाहिल्यावर विषाणू मारणारा की मवाळ हे उघड होतं. आणि सगळी अक्षरं एकाखाली एक लावली की कोण कुणाचा किती जवळचा हे कळतं. सख्खी भावंडं, चुलत, दूरचे, तशीच तऱ्हा. वाचनाचं काम बाहेरून करून घ्यावं लागे. निकाल सोळाव्या दिवशी आला.

तिने आधी पोंपोंचे नमुने उघडले. ती लहानशी जागा पाहिली आणि खुर्चीत सरळ बसली. मवाळ. कोंबडीला जेमतेम शिंक येईल इतका मवाळ. तिने तो जुन्या नोंदींशी ताडून पाहिला तर तो लशीचाच विषाणू निघाला. अर्जाचा कागद फाइलमध्येच होता. सातव्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "डोळ्यांत थेंब, दहा दिवसांपूर्वी."

ताईच्या कोंबड्यांतला मात्र मारणारा होता. पोंपोंच्या विषाणूपेक्षा अडीचशेहून जास्त ठिकाणी वेगळा. नात्याचाही नाही.

मग तो कुणाच्या नात्यातला? तिने दोन वर्षांत गोळा केलेले सगळे नमुने त्याच्याखाली लावले. बहुतेकांत वीसपंचवीस अक्षरांचा फरक होता. एकात मात्र एकाही अक्षराचा नव्हता. नदीपलीकडच्या वस्तीतला, सात नंबरचा नमुना. पहिल्या अक्षरापासून सोळाशे बासष्टाव्यापर्यंत तोच.

सात नंबरचा नमुना कोणत्या तारखेला घेतला हे पाहायला तिला वही उघडावी लागली नाही. ताईचा फोन आला त्याच्या नऊ दिवस आधीचा मंगळवार होता तो.

त्या मंगळवारी नदीपलीकडे अकरा कोंबड्या मेलेल्या सापडल्या होत्या. उन्हात तिने दोन तास काम केलं. जंतुनाशकाची बाटली अर्ध्यातच संपली. बूट तिने धुतले, झगा पिशवीत बांधला, पण नमुन्यांची शीतपेटी बाहेरून पुसायची राहिली. परत गेल्यावर पुसू, असं तिने ठरवलं. ताईचं घर वाटेवर होतं आणि ताईने आधीच सांगून ठेवलं होतं, जेवल्याशिवाय पुढे जायचं नाही. बंद गाडीत बर्फ वितळेल म्हणून धाकटीने पेटी पडवीत, सावलीत आणून ठेवली. दोघी बहिणी आत जेवत होत्या. दारातून दिसत होतं, एक बोडकी कोंबडी पेटीवर चढून बसली होती, दुसरी खाली पेटीच्या कडा टोचत होती. ताई म्हणाली होती, "बघ, राणी सिंहासनावर बसली." दोघी इतक्या हसल्या की ताईला ठसका लागला.

धाकटीने दोन्ही नमुने पुन्हा एकदा एकाखाली एक लावून पाहिले. मग तिने एका गोष्टीची आशा धरली, आणि ती आशा धरताना तिला स्वतःची लाज वाटली. प्रयोगशाळेतच नमुन्यांची सरमिसळ झाली असेल. बर्फकाका चुकले असतील.

"काका, हे दोन परत पहिल्यापासून करायचे. मूळ काड्यांपासून. वर नंबर बदलून देते, कुठला कुठला ते तुम्हाला कळणार नाही."

बर्फकाकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चाव्या घेऊन कपाटाकडे गेले. या खेपेला निकाल लवकर मागवला. सहा दिवसांनी तो आला आणि पुन्हा तेच निघालं.

"मी चुकलो असतो तर बरं झालं असतं का?" बर्फकाकांनी विचारलं.

"हो," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "माफ करा, काका."

विभागाच्या प्रमुख मॅडम वयाने आणि अनुभवाने मोठ्या होत्या, आणि धाकटीवर त्यांचा जीव होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"सारखेपणा म्हणजे पुरावा नव्हे," त्या म्हणाल्या. "मधे कावळे आहेत, कुत्री आहेत, येणारीजाणारी माणसं आहेत."

"पूल पडलाय, मॅडम. पलीकडून अलीकडे यायला सव्वा तासाचा वळसा पडतो. कुणी जात नाही. त्या आठवड्यात तो वळसा मी घातला."

"या साथीवरच्या लेखात लिही, प्रसाराचा मार्ग निश्चित करता आला नाही. ते खोटं नाही."

"खोटं नाही," धाकटी म्हणाली. "पण तेवढ्याने पोंपों सुटत नाही."

"कोण पोंपों?"

धाकटीने सांगितलं. मॅडम बराच वेळ टेबलावरचं पेन इकडून तिकडे करत राहिल्या. "तू सांगणार आहेस," त्या शेवटी म्हणाल्या. "मी अडवत नाही. पण सांगितल्यानंतर कुठलीच वस्ती तुला फाटकाच्या आत घेणार नाही. मग हे काम कोण करणार, तेही एकदा डोक्यात आण."

हे धाकटीने डोक्यात आणलं. दोन दिवस आणलं. तिसऱ्या दिवशी बसने गेली, कारण ती गाडी तिला पुन्हा तिथे न्यायची नव्हती.

ताई रिकाम्या खुराड्याला चुना लावत होती. धाकटी कुंपणाबाहेर उभी राहिली.

"आत ये की," ताई म्हणाली.

"नको. ताई, आपल्या कोंबड्यांत आला तो पोंपोंकडचा नव्हता."

"मग कुणाकडचा?"

"मी आणला. बहुतेक मीच."

ताईचा हात थांबला नाही. कुंचला दोनतीनदा वरखाली झाला, चुन्याचे ओघळ फळीवरून खाली उतरले. "बहुतेक म्हणजे?"

धाकटीने सगळं सांगितलं. नदीपलीकडचा मंगळवार, संपलेली बाटली, पेटी, एकसारखी निघालेली अक्षरं. ताईने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झालं तेव्हा तिने कुंचला बादलीत ठेवला.

"मीच तुला जेवायला थांबवलं होतं," ती म्हणाली. "तू नको नको म्हणत होतीस."

"तू थांबवलंस म्हणून मी थांबायला नको होतं. पेटी अंगणात आणायला नको होती. हेच मी लोकांना शिकवत फिरते."

"मी आग्रह केला."

"ताई, असं नको करूस. चूक माझी आहे. ती तू नको वाटून घेऊस."

ताईने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माया होती की राग होता, धाकटीला सांगता आलं नसतं. "मग घे तूच सगळी," ताई म्हणाली.

भावजी दारात येऊन उभे होते. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. ते पायरीवर बसले. "मी त्याची डालगी मोडली," ते म्हणाले. "बाकीचे नुसते उभे होते. पहिला पाय मी घातला." बराच वेळ ते आपल्या पायाकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे वस्तीत बोलू नकोस. लोक काय म्हणतील? मेहुणीने रोग आणला आणि यांनी गरिबाला हाकललं. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तो जाईल तिथून त्याला हाकलताहेत, भावजी."

"मी परस्पर त्याला काहीतरी देतो. भरपाई म्हणून. पण बोलू नकोस."

धाकटी काही बोलली नाही. भावजींना वाटलं तिला पटलं. पण पाण्याच्या टाकीपाशी संध्याकाळी बायकापुरुषांची रांग लागते तिथे ती गेली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की ताई मागोमाग आली आहे. पण रांगेत उभी नव्हती आणि तिच्याशेजारीही नव्हती. रस्त्याच्या कडेला होती.

नळ चालूच होता. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आता तुमची डालगी मोडायची का आम्ही?" एकदोघं हसली. बाकीची हसली नाहीत. एका बाईने विचारलं, "कळून आमचं काय परत येणार?" आणि हंडा भरून निघून गेली. खरं तर एवढंच झालं. धाकटी शिव्याशापांची तयारी करून गेली होती. एकेक जण आपापलं भांडं भरत निघून जाईल, याची तिने तयारी केली नव्हती.

परतताना ताई बसथांब्यापर्यंत आली, पण दोन पावलं मागून.

पोंपोंची शेड रिकामी होती. कोंबड्या त्याने एकदमच खाटकाला देऊन टाकल्या होत्या. फिरायचंच नाही तर त्यांना घालणार काय? तो बाजारात दुसऱ्याच्या हातगाडीवर बटाटे तोलत होता. धाकटी गिऱ्हाइकं हटेपर्यंत थांबली आणि मग सांगितलं.

"तुमच्या कोंबड्यांत निघाला तो लशीचा होता. लशीतही तोच विषाणू असतो, पण मवाळ केलेला. त्याने काही होत नाही. वस्तीतला वेगळा होता. तो माझ्यामुळे आला."

पोंपोंने तराजूतले बटाटे पिशवीत ओतले. "मी तुम्हाला सांगितलं होतं. थेंब घातलेत म्हणून."

"हो."

"तुम्ही लिहूनही घेतलं होतं. माझ्यासमोर."

"हो."

"मग?"

या प्रश्नाची तिने वाटेत पाचसहा उत्तरं जुळवली होती. सगळी खरी होती आणि एकही पुरेशी नव्हती. "मला आधीच वाटत होतं की तुमच्याकडूनच आला असणार," ती म्हणाली. "म्हणून मी लिहिलं आणि परत वाचलंच नाही."

पोंपोंने मान हलवली, पटल्यासारखी नाही, नुसती ऐकल्यासारखी. एक बाई बटाट्यांचा भाव विचारून गेली. मग तो म्हणाला, "लेखी द्या. शिक्क्याचं. आणि सोपं लिहा, बाई. तुमच्या भाषेत लिहिलंत तर लोक त्यातूनही मलाच धरतील."

धाकटीने तो कागद चार वेळा लिहिला. बर्फकाकांना वाचायला दिला. त्यांनी तीन शब्द बदलले, कारण ते शब्द त्यांच्या बायकोला कळले नसते. शिक्का मॅडमनी स्वतः मारला. त्याच वेळी तोंडी सांगितलं, की वर्षभर धाकटीने बाहेर नमुने घ्यायला जायचं नाही. धाकटीने मान्य केलं. लेख छापून आला तेव्हा त्यात एक वाक्य होतं, की नमुने घेणाऱ्या पथकाकडूनच विषाणू एका वस्तीतून दुसरीत गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ते वाक्य गाळा, असं छापण्याआधी लेख तपासणाऱ्या दोघांनी सुचवलं होतं. तिने गाळलं नाही.

पोंपोंने कागदाला प्लास्टिक लावून घेतलं. जुनी सायकल भावजींनी नाल्यातून काढून, चाक सरळ करून, त्याच्या दाराशी नेऊन ठेवली होती. तो घरी नसताना ठेवली आणि निघून आले. पोंपोंने ती घेतली नाही. भिंतीला टेकून ती तशीच गंजत राहिली. त्याने दुसरी मिळवली, आणि हळूहळू सहासात वस्त्यांतून पुन्हा फिरू लागला. ताईच्या वस्तीकडे मात्र तो वळला नाही. तिथल्या बायका आता कोंबड्या विकायला दोन मैल चालत जातात.

ताईकडच्या चार माद्यांत एकही कोंबडा नव्हता. बोडक्या मानेचा, त्याच अंगलटीचा कोंबडा धाकटीने फोनवरून किती ठिकाणी विचारला याला गणती नाही. एक सापडला, पण त्याच्या अंगात निम्मं रक्त दुसरं होतं. ताई म्हणाली, राहू दे. फोनवर ती तेवढंच बोलायची. हो, नाही, राहू दे, बघू.

चार महिन्यांनी एका रविवारी ती अचानक धाकटीच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी नव्हती, येताना काही आणलं नव्हतं. असं ती कधी आली नव्हती.

"मी येत जाईन अधूनमधून," ताई चप्पल काढताना म्हणाली. "तू नको येऊस. तू आलीस की लोक कोंबड्या आत कोंडतात, आणि मग मला रांगेत उभं राहायला नको वाटतं."

"बरं," धाकटी म्हणाली.

"लस आणलीय मी. चौघींना. थेंब एका डोळ्यात घालायचा की दोन्ही?"

"एकातच पुरे."

"मी दोन्हींत घातला."

"काही होत नाही त्याने."

दोघी जेवल्या. ताईने वस्तीतल्या दोनचार बातम्या सांगितल्या, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरावर नवीन पत्रे बसले. भावजींचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, बरे आहेत, कमी बोलतात. धाकटीने आणखी वाढू का विचारलं, तर पुरे म्हणाली. मग उठली, आपलं ताट मोरीवर नेलं आणि स्वतः घासून पालथं ठेवलं. बहिणीच्या घरी तिने असं कधी केलं नव्हतं. धाकटी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली, आणि राहू दे गं, मी घासते, हे साधे शब्दही तिच्या तोंडून वेळेवर निघाले नाहीत.

चारच्या बसला ताई निघाली. खिडकीत बसल्यावर तिने हात केला. धाकटीनेही केला.